व्हर्जन तेच, गाडी तीच, मग एका शहरात सरळ आणि दुसऱ्या शहरात अडखळत का चालते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे दोन मित्र, दोघांकडे एकाच मॉडेलची गाडी, सेल्फ-ड्रायव्हिंग सॉफ्टवेअरचं व्हर्जनसुद्धा शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं, फक्त शहरं वेगळी. एकजण म्हणतो आठवडाभर स्टिअरिंगला हात लावावा लागला नाही, दुसरा म्हणतो ऑफिसला जाताना रोज तीन-चार वेळा तरी कंट्रोल हातात घ्यावा लागतो. पहिल्याला वाटतं दुसरा उगाच घाबरतो, दुसऱ्याला वाटतं पहिला फेकतोय. खरं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलतायत. मी या कामात बरीच वर्षं आहे, आधी सेफ्टी ड्रायव्हर म्हणून, म्हणजे टेस्टमध्ये गाडी चुकली की ताबा घ्यायला, गाडीत बसायचे, नंतर लॉग, म्हणजे गाडीने ठेवलेली प्रवासाची नोंद, बघून गाडी कुठे चुकली आणि का चुकली हे शोधणाऱ्या टीममध्ये आले, आणि एक गोष्ट मला अगदी ठामपणे सांगायची आहे ती ही की व्हर्जनचा नंबर ही अर्धीच माहिती आहे, उरलेली अर्धी रस्त्यात असते. "हे सॉफ्टवेअर कसं चालतं?" असं कुणी विचारलं की माझा पहिला उलट प्रश्न "कुठे?" हाच असतो, आणि तो मी टाळाटाळ म्हणून विचारत नाही, त्याशिवाय खरंच उत्तर देता येत नाही.

एक प्रसंग सांगते. आमच्या टेस्टच्या रूटवर एक साधा सरळ रस्ता होता, चौकाच्या अलीकडे एक लेन वाढते इतकंच काय ते. तिथे गाडी मधूनच डावीकडे सरकायची, जास्त नाही, पण शेजारच्या लेनमध्ये चाक जाईल इतकी, आणि सेफ्टी ड्रायव्हरला स्टिअरिंग ओढावं लागायचं. आम्ही लॉग परत परत चालवून बघितले, तोच तुकडा सिम्युलेशनमध्ये टाकून बघितला, दुपारी जाऊन पंधरा-वीस फेऱ्या मारल्या, सगळ्या स्वच्छ. मग कुणीतरी वेळा एकाखाली एक लावल्या तेव्हा दिसलं की सगळे प्रकार संध्याकाळचे आहेत आणि सगळे पाऊस पडून गेल्यानंतरचे. म्हणून एका संध्याकाळी पाऊस थांबल्यावर आम्ही दोघं तिथे गेलो. फुटपाथवर उभं राहून काहीच वेगळं दिसेना. मग गाडीत बसून त्या लेनमधून सूर्याकडे तोंड करून आलो आणि मी अक्षरशः ओरडले. पूर्वी कधीतरी लेनची आखणी बदलताना जुना पट्टा मशीनने खरवडून काढला होता, त्या खरवडलेल्या जागी डांबरात उथळ खोबण राहिली होती, तिच्यात पाणी साचलेलं आणि समोरचं ऊन त्यावरून थेट डोळ्यात येत होतं. नवा रंगवलेला पट्टा मळकट दिसत होता आणि जो पट्टा आता नाहीच तो चांदीच्या तारेसारखा लखलखत होता. गाडी त्याच तारेच्या मागे जात होती.

रोज तिथून जाणारा माणूस त्या तारेकडे बघतही नाही, त्याला ठाऊक असतं लेन कुठे आहे ते. असा एक चौक एखाद्याच्या रोजच्या वाटेवर असला की त्याचा अनुभव वाईट, नसला की चांगला, आणि सॉफ्टवेअर मात्र दोघांचं एकच. माझा अंदाज आहे की तुमच्या दुसऱ्या मित्राच्या त्या तीन-चार जागासुद्धा रोज त्याच असणार, त्याने अजून तसं मोजून बघितलं नसेल इतकंच.

आता हे होतं का, तर पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे शिकवणी. ही सॉफ्टवेअर उदाहरणं बघून शिकतात आणि उदाहरणं ज्या भागातून जास्त येतात त्या भागाच्या सवयी त्यांच्या अंगात मुरतात. या क्षेत्रात वर्षानुवर्षं वापरला गेलेला किट्टी नावाचा डेटा आहे, २०१२ सालचा, तो जर्मनीतल्या कार्लस्रूह शहरात आणि आसपास गोळा केलेला. २०२० मध्ये काही संशोधकांनी असं करून बघितलं की जर्मनीच्या या डेटावर शिकवायचं आणि अमेरिकेतल्या रस्त्यांवर तपासायचं, म्हणजे लायडारच्या, लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या, ठिपक्यांवरून समोरच्या गाडीभोवती तिच्या मापाचा चौकोनी खोका बसवायचा. निकाल धाडकन खाली आला. सगळ्यांना वाटेल हवामान वेगळं असेल, रस्ते वेगळे असतील, पण त्यांना मुख्य कारण सापडलं ते म्हणजे अमेरिकेतल्या गाड्या आकाराने मोठ्या. मॉडेलला, म्हणजे त्या शिकवलेल्या सॉफ्टवेअरला, गाडी दिसत होती, पण ती केवढी लांब-रुंद असते याची त्याची कल्पना जर्मन होती, त्यामुळे खोका लहान पडायचा. तिथल्या गाड्यांचं सरासरी माप वापरून दुरुस्ती केल्यावर बराचसा फरक भरून निघाला. मला हे उदाहरण फार आवडतं कारण यात कुणाचीही चूक नाही, शिकणाऱ्याने जे बघितलं तेच तो शिकला.

असंच व्होल्वोचं झालं होतं. त्यांची मोठे प्राणी ओळखणारी यंत्रणा स्वीडनमध्ये तयार झाली, तिथे रस्त्यावर येतं ते मूस, म्हणजे सांबरासारखं थोराड जनावर, ते चालत येतं. ऑस्ट्रेलियात गेल्यावर २०१७ मध्ये कंपनीने स्वतःच सांगितलं की कांगारूमुळे गोंधळ होतोय, कारण अंतर मोजायला जमिनीचा आधार घेतलेला आणि कांगारू उडी मारून हवेत गेला की लांब वाटायचा, खाली आला की जवळ. स्वीडनमध्ये बसून ही अडचण कुणाच्या डोक्यात कशी येणार?

नियम आणि खुणा तर देशोदेशी बदलतातच. अमेरिकेत रस्त्याच्या मधली पिवळी रेघ म्हणजे पलीकडून समोरची वाहनं येतात, जर्मनीत पिवळी रेघ म्हणजे रस्त्याचं काम चालू आहे आणि आता पांढऱ्या रेघा विसरा, पिवळीच खरी. ब्रिटनमध्ये हिरव्याआधी लाल आणि पिवळा एकत्र पेटतात, टेक्सासमध्ये सिग्नल आडवे टांगलेले सापडतात, जपानमध्ये थांबा सांगणारा फलक आठ कोनांचा नाही तर उलटा लाल त्रिकोण, आणि कॅनडातल्या क्यूबेकमध्ये त्याच आठ कोनी लाल फलकावर फ्रेंचमध्ये लिहिलेलं असतं. हे सगळं लिहून ठेवलेलं आहे, कायद्यात आहे, त्यामुळे कष्ट घेतले की शिकवता येतं. न्यूयॉर्क शहरात लाल सिग्नलवर उजवीकडे वळायचं नाही, अमेरिकेत बाकी बऱ्याच ठिकाणी थांबून वळता येतं, हे मॅपमध्ये टाकलं की झालं. मेलबर्नच्या मध्यभागी ट्रामच्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर आधी डाव्या कडेला जाऊन थांबायचं असतं, हे ऐकून पहिल्यांदा माणूससुद्धा चक्रावतो पण तेही शिकवता येतं.

जड जातं ते न लिहिलेलं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये सिग्नल हिरवा झाला की समोरून येणाऱ्या गाड्या डावीकडे वळणाऱ्या पहिल्या गाडीला आधी जाऊ देतात, ही तिथली रीत आहे, कायदा नाही, उलट कायद्याने हक्क सरळ जाणाऱ्याचा. तिथे उजव्या बाजूने चालवतात त्यामुळे डावं वळण म्हणजे समोरची लेन कापून जाणं. आता दुसऱ्या शहरात शिकलेली गाडी तिथे डावीकडे वळायला थांबलीये, समोरचा ड्रायव्हर तिच्यासाठी थांबलाय, ती मात्र त्याच्या जाण्याची वाट बघतेय, मागचे हॉर्न वाजवतायत. आणि उलट गाडी सरळ जाणारी असली तर समोरून कुणी झटकन वळून आडवं येतं आणि ती करकचून ब्रेक मारते. नियमाप्रमाणे तिचं काहीच चुकलं नाही. पण सोबत बसलेला माणूस सांगणार की या शहरात ही गाडी नीट चालत नाही, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे.

टेस्लाने फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनमध्ये शहरी रस्त्यांसाठी सेल्फ-ड्रायव्हिंगची सोय द्यायला सुरुवात केली. तिथला डेटा देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून इंटरनेटवर मिळणाऱ्या तिथल्या रस्त्यांच्या व्हिडिओंवर शिकवावं लागलं असं टेस्लाचे प्रमुख मस्क यांनी सांगितलं होतं, आणि बसच्या लेन ही मोठी अडचण असल्याचंही सांगितलं होतं, कारण त्या लेनमध्ये ठरावीक वेळी जाता येतं आणि ठरावीक वेळी नाही. म्हणजे रंग दिसला, अक्षरं वाचता आली, तरी घड्याळ बघितल्याशिवाय अर्थ लागत नाही. आणि चुकलं की थेट दंड.

प्रकाश आणि हवामान हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, कारण माझी अर्धी नोकरी यातच गेली. लोक पाऊस आणि बर्फ एवढंच बघतात. पण उत्तरेकडच्या देशात हिवाळ्यात सूर्य दिवसभर खालीच असतो, म्हणजे जो त्रास दुसरीकडे सकाळ-संध्याकाळ अर्धा तास असतो तो तिथे दुपारीसुद्धा असतो. पूर्व-पश्चिम रस्त्यावर ज्याचं घर पश्चिमेला आणि ऑफिस पूर्वेला आहे त्याला जाता-येता दोन्ही वेळा ऊन समोर, आणि त्याच शहरात दक्षिण-उत्तर जाणाऱ्याला सकाळ-संध्याकाळचा हा त्रास बराच कमी. बर्फाच्या प्रदेशात बर्फ पडायच्या आधी रस्त्यावर मिठाचं पाणी फवारतात, ते वाळलं की लांबच लांब समांतर पांढऱ्या रेघा राहतात, आणि त्या हुबेहूब लेनच्या पट्ट्यांसारख्या दिसतात. डांबराच्या भेगा बुजवायला जो काळा लेप ओततात तो ओला झाला की चमकतो. कॅलिफोर्नियात कित्येक वर्षं लेन दाखवायला रस्त्यावर गोल बटणं चिकटवायचे, बर्फाच्या राज्यांत ती चालत नाहीत कारण बर्फ काढणाऱ्या गाडीचं पातं ती उखडून टाकतं, म्हणजे लेन कशी दिसते हेसुद्धा हवामानाने ठरवलेलं असतं.

सिग्नलचं एक सांगते, कारण यावरून माझं एकदा खूप भांडण झालं होतं. एलईडीचा सिग्नल आपल्या डोळ्यांना सलग पेटलेला दिसतो, पण बरेच सिग्नल सेकंदाला शंभरेक वेळा उघडझाप करत असतात. भर उन्हात कॅमेरा एका फ्रेमसाठी इतका कमी वेळ उघडतो की कधी कधी तो नेमका दिवा विझलेल्या क्षणाचा फोटो घेतो. मग एका फ्रेममध्ये लाल, पुढच्यात काहीच नाही, मग परत लाल. यावर उपाय आहेत, वेगळे सेन्सर आहेत, अनेक फ्रेम एकत्र बघून ठरवता येतं, पण कुठल्या शहराने कुठल्या कंपनीचे दिवे बसवलेत, वीज ५० हर्ट्झची आहे की ६० ची, यावर हा त्रास कमी-जास्त होतो. आमच्याकडे एका भागातल्या टेस्टच्या फेऱ्यांमध्ये सिग्नल "हरवण्याचं" प्रमाण अचानक वाढलं, सगळे मॉडेलवर खापर फोडत होते, मी म्हणत होते आधी दिवे बघा, आणि शेवटी कळलं की तिथे मधल्या काळात दिवेच बदलले होते. सॉफ्टवेअरची एक ओळसुद्धा बदललेली नव्हती.

मॅपचं थोडक्यात. काही कंपन्या आधी सगळा भाग बारीक मोजून घेतात आणि तेवढ्याच हद्दीत गाडी सोडतात, याला जिओफेन्स म्हणतात, आणि ज्या हद्दीत, ज्या हवामानात, ज्या वेगात गाडी चालायची आहे त्या सगळ्या अटींना मिळून ओडीडी (ऑपरेशनल डिझाइन डोमेन) हा शब्द आहे. काही कंपन्या साधा मॅप घेऊन कुठेही चालवू बघतात. पहिल्या पद्धतीत जागेचा फरक हद्दीच्या बाहेर लपतो, दुसरीत तो थेट तुमच्या मांडीवर येऊन पडतो. वेमो या अमेरिकन कंपनीने तिथल्या फीनिक्स शहराच्या भागात ड्रायव्हर नसलेल्या गाड्या ऑक्टोबर २०२० मध्ये सगळ्यांसाठी खुल्या केल्या, सॅन फ्रान्सिस्कोत तसं व्हायला जून २०२४ उजाडलं. मधल्या काळात परवानग्यांचा भाग होताच, पण एकीकडे रुंद, सरळ, चौकटीत आखलेले रस्ते आणि बहुतेक दिवस कोरडं ऊन, दुसरीकडे उभे चढ, धुकं, ट्राम आणि दुतर्फा उभ्या गाड्यांमधून बाहेर येणारी माणसं. टोकियोत तर वेमोने २०२५ मध्ये सुरुवातच अशी केली की तिथले टॅक्सी ड्रायव्हर हाताने गाडी चालवणार आणि सेन्सर नुसते बघणार. नव्या जागी आधी बघायचं, मग चालवायचं, माझ्या मते हाच सरळ मार्ग आहे.

एक कारण असं आहे की ज्यात सॉफ्टवेअरचा काहीच दोष नसतो. कायदा. युरोपात आणि आणखी कित्येक देशांत संयुक्त राष्ट्रांचा ७९ क्रमांकाचा नियम लागू आहे, त्यात लेनमध्ये राहायला मदत करणाऱ्या यंत्रणेने वळणावर गाडी किती जोरात बाजूला खेचायची याला मर्यादा आहे, साधारण ३ मीटर प्रति सेकंद वर्ग. तीच गाडी अमेरिकेत जे वळण आरामात घेते तिथे युरोपात मधेच सोडून देऊ शकते, आणि चालवणाऱ्याला वाटतं की इथलं व्हर्जन मागासलेलं आहे. मर्सिडीजची ड्राइव्ह पायलट ही गाडी स्वतः चालवणारी यंत्रणा घ्या, जर्मनीत डिसेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली ती ताशी ६० किलोमीटरपर्यंत, ती पुढे ९५ झाली, अमेरिकेत मिळाली ती फक्त नेवाडा आणि कॅलिफोर्नियात, ताशी ४० मैलांपर्यंत. राज्याची हद्द ओलांडली की बटण बंद व्हायचं. यात यंत्राची हुशारी बदललेली नाही.

आता आकड्यांबद्दल, कारण हा वाद शेवटी तिथेच येणार की कुणाला किती किलोमीटरला एकदा हात लावावा लागला. कॅलिफोर्नियात टेस्ट करणाऱ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं डिसएंगेजमेंटचे, म्हणजे माणसाला ताबा घ्यावा लागल्याचे, आकडे सरकारला दिलेत आणि लोक त्यांची क्रमवारी लावतात. मला विचाराल तर ती क्रमवारी काहीच सांगत नाही, एकजण रात्रीच्या मोकळ्या हायवेवर हजार किलोमीटर काढतो, दुसरा गर्दीच्या वेळी बाजारपेठेतून शंभर, आणि भागाकार दोघांचा सारखाच करायचा?

शिवाय नमुना लहान असतो. साधा हिशेब आहे, एखादी गोष्ट ३००० किलोमीटरमध्ये एकदाही घडली नाही, तरी ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की ती सरासरी १००० किलोमीटरला एकदापेक्षा जास्त वेळा घडत नाही. म्हणजे आठवडाभर काही झालं नाही यावरून जवळपास काहीच सिद्ध होत नाही, आणि सिद्ध होतं तेही फक्त त्या आठवड्याच्या रस्त्यांपुरतं. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडला होता की जीवघेण्या अपघातांच्या बाबतीत गाडी माणसाइतकी सुरक्षित आहे हे नुसतं चालवून दाखवायचं तर एकही मृत्यू न होता २७.५ कोटी मैल चालवावं लागेल, १०० गाड्या दिवसरात्र ताशी २५ मैलांनी पळवल्या तरी साडेबारा वर्षं. आणि हे सगळे मैल एकाच प्रकारचे असले तर निष्कर्षही त्याच प्रकारच्या रस्त्यापुरता.

अपडेटचं मात्र नीट लक्षात घ्या कारण इथे माणसं खरंच धोक्यात येतात. नवीन व्हर्जन सरासरीने सुधारतं म्हणजे ते तुमच्या चौकात सुधारलं असं नाही. आम्ही त्या चांदीच्या तारेची उदाहरणं शिकवणीत घातली, तिथलं सरकणं थांबलं, सगळे खूश, आणि दोन आठवड्यांनी दुसऱ्या एका भागातून तक्रारी यायला लागल्या की गाडी झिजलेले पण खरे असलेले पट्टे मानत नाही. चमकणाऱ्या फिकट रेघेवर विश्वास ठेवायचा नाही असं ती शिकली होती, आणि तिथल्या खऱ्या रेघा तशाच होत्या. मग ते दुरुस्त करायला आणखी महिना गेला. दोन्ही जागचे ड्रायव्हर आपापल्या अनुभवावरून त्याच अपडेटबद्दल अगदी उलट बोलत होते आणि दोघांचेही लॉग माझ्यासमोर उघडे होते.

म्हणून तुमच्या दुसऱ्या मित्राला सांगा की आठवडाभर प्रत्येक वेळी जागा, वेळ, ऊन कुठल्या बाजूला होतं आणि रस्ता ओला होता का एवढं गाडी थांबल्यावर टिपून ठेव, चालवताना नाही. त्या जागा पक्क्या झाल्या की तिथे पोचायच्या आधीच कंट्रोल हातात घ्यायचा, गाडी चुकायची वाट बघायची नाही, "बघूया या वेळी जमतंय का" हा विचार मनात आला की समजायचं आपण टेस्ट ड्रायव्हरचं काम करतोय आणि ते काम करायला आम्हाला वेगळं ट्रेनिंग द्यायचे. अपडेट आलं की पहिले काही दिवस त्या यादीवर विसंबायचं नाही, रोजची वाटसुद्धा नवीन समजायची.

आणि पहिल्या मित्राला मला जास्त काळजीने सांगावंसं वाटतं. त्याला आठवडाभर हात लावावा लागला नाही, त्यामुळे त्याचं लक्ष सैल झालेलं असणार, सगळ्यांचंच होतं, माझंही झालं होतं. तो जेव्हा या मित्राकडे त्याच्या शहरात गाडी घेऊन जाईल तेव्हा हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर ठेवूनच शिरायचं, आणि जमलं तर पहिल्या दिवशी शेजारी मित्रालाच बसवायचं, म्हणजे तो आधीच सांगेल की पुढच्या चौकात ती डावीकडे सरकते.